मिक्सर तर आणला, पण कोणती वायर कुठे लावायची?

कार्यक्रम सातचा. साडेसहाला कुणीतरी "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतं आणि स्पीकरमधून कान फाडणारी शिट्टी येते. सगळे साऊंडवाल्याकडे बघतात. हल्ली अनेक गणेश मंडळं आणि भजनी मंडळं स्वतःचाच छोटा मिक्सर घेतात, त्यामुळे हा साऊंडवाला म्हणजे मंडळातलाच एखादा पोरगा असतो.

मिक्सर नेमकं करतो काय? माईकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा. मोबाईल किंवा कीबोर्डचा त्याच्या कितीतरी पट मोठा. या सगळ्यांना एका पातळीवर आणून, एकत्र करून पुढे पाठवणं हे त्याचं काम. म्हणूनच मागे वेगवेगळे सॉकेट असतात.

माईक लागतो तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटला. या केबलमधल्या दोन तारा एकच सिग्नल उलटसुलट करून नेतात. वाटेत शिरलेला खरखराट दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे मिक्सरमध्ये तो रद्द होतो. स्टेजपासून लांब केबल टाकायची तर हीच हवी. मोबाईल, लॅपटॉप आणि कीबोर्ड 'लाईन'च्या सॉकेटला. मोबाईल माईकच्या सॉकेटला लावला तर आवाज फाटणारच.

४८ व्होल्टचं फँटम बटण फक्त कंडेन्सर माईकसाठी असतं. हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माईकला त्याची गरज नाही. हे बटण चालू-बंद करताना मास्टर खाली ठेवा, नाहीतर स्पीकर धाडकन वाजतो.

आता बाहेर जाणारी बाजू. 'मेन आऊट' जातो अ‍ॅम्प्लिफायरला किंवा ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच आहे अशा पॉवर्ड स्पीकरला. अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी तार चुकूनही मिक्सरला लावू नका, मिक्सर जळू शकतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज आला की काही जण थेट प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज जातोही. पण माईकची धातूची बॉडी केबलमधून मिक्सरच्या पत्र्याशी जोडलेली असते. उपकरणात बिघाड होऊन त्या पत्र्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर शॉक गाणाऱ्याला बसतो. मांडव पावसाने ओला असेल तर जिवावरच बेतू शकतं. 'हूं' बऱ्याचदा येतो तो मिक्सर एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर लांबच्या दुसऱ्या बोर्डावर असल्यामुळे. दोन्ही एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. शिवाय मांडवाच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हे काम मात्र वायरमनचंच.

आवाज लावताना आधी फेडर शून्याच्या खुणेवर आणि मास्टर खाली. गाणारा जितक्या जोरात गाणार आहे तितक्याच जोरात त्याला गायला लावायचं आणि 'गेन' हळूहळू वाढवायचा. लाल दिवा लागला की थोडा मागे. (टेस्टिंगला सगळे कुजबुजतात आणि कार्यक्रमात ओरडतात, हा सार्वत्रिक अनुभव.) मग मास्टर वर.

आणि ती शिट्टी? स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकमधून परत स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू झालं की ती येते. त्यामुळे स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. जे माईक वापरात नाहीत ते बंद. कुणी माईकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी येते, त्याला आधीच सांगा.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलटं. रात्री दहाला लाऊडस्पीकर थांबवावा लागतो आणि घाईत कुणीतरी आधी मिक्सरच बंद करतं. तेव्हा स्पीकरला बसणारा 'धप्प' हा दणका पुढच्या कार्यक्रमाला महागात पडू शकतो.