खाटेचे पैसे मिळतात, यंत्राचे नाहीत

पुण्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात १३ वर्षांचा एक मुलगा न्यूमोनिया झाला म्हणून दाखल झाला. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करणारा आनुवंशिक आजार आहे. अकराव्या वर्षी चालणे थांबले, तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. वडील चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. कंपनीने काढलेल्या समूह आरोग्य विम्यात सगळे कुटुंब येते. मुलाचे ९ दिवस बालअतिदक्षता विभागात गेले. तोंडावर मास्क बसवून बायपॅप यंत्राने त्याच्या श्वासाला आधार दिला गेला आणि तो सावरला. बिल मोठे होते, पण विमा कंपनीने ते जवळजवळ सगळे कॅशलेस चुकते केले.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की यापुढे रोज रात्री झोपताना हे यंत्र लागेल. विकत घ्या किंवा भाड्याने आणा, पण त्याशिवाय राहू नका. आई विमा कक्षात गेली. “दादा, मशीनचं पण विम्यातच होईल ना?” कक्षातल्या तरुणाने कागद चाळून सांगितले, “नाही हो ताई. ते घरी न्यायचं सामान. पॉलिसीत बसत नाही.”

यंत्राची किंमत होती ७० हजार रुपये. जमवाजमव करू म्हणत कुटुंब घरी आले. एका नातेवाइकाकडे करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून होते, ते तोवर रात्री लावायला सुरुवात केली. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९६-९७ असा आकडा दिसे, म्हणून घरचे निर्धास्त होते. सात आठवड्यांनी एका सकाळी मुलगा उठवूनही नीट जागा होईना. पुन्हा तोच अतिदक्षता विभाग, पुन्हा तेच यंत्र, आणि पुन्हा कंपनीनेच भरलेले बिल. दोन वेळच्या बिलांत तसली कितीतरी यंत्रे आली असती.

ऑक्सिजन असूनही असे का झाले?

श्वासाची कामे दोन: ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे. ड्युशेनमध्ये फुप्फुसे मुळात चांगली असतात, पण त्यांना हलवणारे स्नायू थकतात. जागेपणी छाती-मानेचे स्नायू मदतीला येतात. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, ही मदत थांबते आणि सगळा भार छाती व पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर पडतो. तोही दुबळा असेल तर श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात साठत जातो. सकाळी डोके दुखणे, नाश्ता नको वाटणे, रात्री वारंवार जाग येणे, वर्गात डुलक्या लागणे ही त्याची लक्षणे. या मुलाची आई कित्येक महिने समजत होती की त्याला शाळेचा कंटाळा आला आहे.

अशा वेळी नुसता ऑक्सिजन दिला की ऑक्सिमीटरवरचा आकडा सुधारतो, पण साठलेला वायू बाहेर पडत नाही. उलट श्वासाची उरलीसुरली ओढही मंदावू शकते. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, त्यामुळे धोका दिसत नाही. बायपॅप श्वास घेताना जास्त दाबाने आणि सोडताना कमी दाबाने हवा देते, म्हणजे थकलेल्या स्नायूंचे काम करते. म्हणून ‘बायपॅप महाग आहे, तोवर ऑक्सिजन लावा’ हा सल्ला अशा मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

या यंत्राने काय साधते, हे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथील रुग्णांच्या नोंदींवरून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६०च्या दशकात ड्युशेनच्या मुलांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १४.४ वर्षे होते. १९९० नंतर ज्यांना घरी रात्रीचा श्वसनाधार मिळाला, त्यांच्यात ते २५.३ वर्षांवर गेले. इथे यंत्र म्हणजे चैनीची वस्तू नव्हे, उपचारच आहे.

मग विम्यात का बसत नाही?

आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा ‘रुग्णालयात दाखल होणे’ या एका घटनेभोवती बांधलेला आहे. किमान २४ तास दाखल व्हा, बिल आणा, पैसे घ्या. अपघात, शस्त्रक्रिया, ताप अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्यांना हे ठीक. जे मूल रोज आजारी आहे आणि रोज घरीच राहू शकते, त्याच्यासाठी ही रचनाच नाही. अनेक पॉलिसींत ‘बाहेरून वापरायची टिकाऊ वैद्यकीय उपकरणे’ असे वगळणीचे कलम असते आणि त्यात सीपॅप, बायपॅप, इन्फ्युजन पंप यांचा उल्लेख असतो. शिवाय बहुतेक पॉलिसींच्या शेवटी ‘यादी क्रमांक १’ असते. तिच्यातल्या ६८ वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत. टीव्हीचे शुल्क आणि मिनरल वॉटर या यादीत आहे, आणि त्याच रांगेत नेब्युलायझर किट, दम्याच्या मुलांचा स्पेसर, चालण्याची साधने आणि रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडरही आहे.

सरकारी योजनाही याच चालीच्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. अनेक मुलांचे प्राण तिने वाचवले. पण तीही ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते. घरी सोडल्यानंतर तिची साथ काही दिवसांपुरतीच असते.

हा पेच नवा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९७८ मध्ये जन्मलेल्या केटी बेकेट या मुलीला पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लागू लागला. खासगी विम्याची मर्यादा संपली, तेव्हा सरकारी मेडिकेडने खर्च उचलला. पण ती रुग्णालयात राहिली तरच. घरी नेले तर पालकांचे उत्पन्न मोजले जाई आणि मदत बंद होई. घरचा खर्च कमी, तरी नियमामुळे तिने रुग्णालयातच राहायचे. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचे उदाहरण दिले, नियमाला अपवाद झाला आणि केटी घरी गेली. १९८२ मध्ये कायद्यातच तशी तरतूद झाली. केटी शिकली, पदवीधर झाली आणि २०१२ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी वारली. तिची आई ज्युली बेकेट आयुष्यभर अशा मुलांसाठी झगडत राहिली.

आपल्याकडेही हा विचार कुठेच नाही असे नाही. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांसाठीच्या सीजीएचएस योजनेत सीपॅप, बायपॅप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांचा खर्च पूर्वपरवानगीने, ठरलेल्या मर्यादेत मिळतो. म्हणजे घरचे यंत्र हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारने मान्य केलेले आहे. ते प्रत्येक विमाधारकापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

नकार आला तर काय करावे?

पहिली गोष्ट, तोंडी नकार हा नकार मानू नये. रीतसर मागणी करावी आणि कोणत्या कलमाखाली नाकारले, ते लेखी मागावे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते.

नकार तीन प्रकारचे असतात. ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’ असे लिहिले असेल तर लढायला चांगली जागा आहे. इथे डॉक्टरांचे पत्र निर्णायक ठरते. ‘आधीपासूनचा आजार’ असे कारण असेल तर तारखा तपासाव्यात. आता आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. तिसरा प्रकार म्हणजे उपकरण स्पष्टपणे वगळलेले असणे. तिथे तक्रारीने यश येण्याची शक्यता कमी असते. ती शक्ती दुसऱ्या दारांसाठी राखावी.

डॉक्टरांचे पत्र ‘बायपॅपची आवश्यकता आहे’ एवढ्या एका ओळीचे नसावे. निदान, रक्तातील कार्बन डायऑक्साइडची पातळी, रात्रभराच्या ऑक्सिमेट्रीचा अहवाल, यापूर्वी किती वेळा दाखल व्हावे लागले, यंत्राचा नेमका प्रकार व सेटिंग, आणि यंत्र नसेल तर काय होईल, हे त्यात हवे. स्नायूंच्या आजारात रुग्णाचा श्वास मंदावला तर स्वतःहून श्वास देणारे यंत्र लागते. पत्रात हे नसेल तर स्वस्तातले सीपॅप गळ्यात मारले जाते आणि ते अशा मुलांना पुरत नाही. हीच नोंद डिस्चार्ज कार्डावरही असावी.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागूनही महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. राज्यात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे ही कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात; मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

विम्यापलीकडची दारे

समूह विम्याच्या अटी मालक कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात. म्हणून एचआर विभागाला पत्र द्यावे. काही समूह विम्यांत अडीअडचणीसाठी ‘कॉर्पोरेट बफर’ म्हणून राखीव रक्कम असते. ती यंत्रासाठी वापरता येईल का, हे विचारावे. नाहीच जमले तर पुढच्या नूतनीकरणात उपकरणांसाठी तरतूद करून घेण्याची मागणी करावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढून घ्यावे. २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याच्या आधारे केंद्राच्या ॲडिप योजनेतून चाकाची खुर्ची किंवा श्रवणयंत्र अशी साधने उत्पन्नानुसार मोफत वा सवलतीत मिळतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही १ लाखापर्यंतची विमा योजना आहे. तीत बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही खर्च धरला जातो. ग्रामपंचायती व नगरपालिकांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तिथे अर्ज करणारे फार थोडे असतात. सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि ट्रस्टांचे मार्ग ठाऊक असतात. आणि तोवर, अनेक शहरांत सेवाभावी संस्था चालवतात त्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत भरून काही यंत्रे वापरायला मिळतात. यंत्र आले की त्याला इन्व्हर्टरची जोड द्यावी आणि वीज गेल्यावर काय करायचे, ते घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावे.

चाकणच्या त्या कुटुंबाला विमा कंपनीचा लेखी नकार मिळाला. वगळणीचे कलम स्पष्ट होते. वडिलांनी तो नकार, डॉक्टरांचे पत्र आणि दोन वेळची बिले एकत्र लावून एचआरच्या साहेबांपुढे ठेवली. “साहेब, विम्याने दोनदा भरलं ते बघा, आणि आम्ही मागतोय ते बघा,” एवढेच ते म्हणाले. कारखान्याने कामगार कल्याण निधीतून यंत्राची रक्कम दिली. पुढच्या नूतनीकरणात घरच्या श्वसनयंत्रांसाठी छोटी मर्यादा घालून घेतली. तिचा लाभ आता तिथल्या इतर कामगारांच्या मुलांनाही मिळू शकेल.

मुलगा रात्री मास्क लावून झोपतो. सुरुवातीचा आठवडाभर त्याने तो ओढून काढला, मग सवय झाली. सकाळी डोके दुखत नाही, पोहे मागून खातो, आणि शाळेत जायचे म्हणून आईला लवकर उठवतो.