पोथीची पाने सुटी का राहिली? (लेखांक ५)

ताडपत्राची रुंदी झाडाने ठरवलेली, म्हणून त्यावरची पोथी लांबट आणि अरुंद झाली, हे गेल्या लेखांकात पाहिले. अशा पानांना मध्ये भोक पाडून त्यातून दोरा ओवण्याची दक्षिणेतली रीत अल् बीरूनीनेही नोंदवली आहे. कागदाला ही सक्ती नव्हती. तो हवा तसा कापता येतो, दुमडता येतो, शिवता येतो. तरी चौदाव्या शतकापर्यंत गुजरात-राजस्थानात कागद रुळला, तो ताडपत्राच्याच मापाने. कल्पसूत्राच्या कागदी पोथ्यांत मजकुराच्या ऐन मध्यावर कोरी जागा सोडलेली असते आणि तिथे लाल ठिपका किंवा नक्षी असते. दोरा तिथून कधी जातच नाही.

यावरून कोणी म्हणेल, की पोथीचे रूप म्हणजे निव्वळ जुनी सवय. ठिपक्यापुरते हे खरेच आहे, आणि लांबट आकाराचे श्रेयही मी सवयीलाच देईन. पाने सुटी ठेवण्याचे मात्र नाही. बांधणीची कला इथे ठाऊक नव्हती असे नाही. फारसी किताबा शिवून, पुठ्ठा चढवून तयार होत होत्या. शिवाय मराठीत बाड होतेच. कीर्तनकार, रामदासी, भजनी मंडळी एका कडेला शिवलेल्या वहीत निरनिराळ्या संतांचे अभंग, पदे, आख्यानाची टिपणे जमेल तशी उतरवून घेत. बाड मालकाबरोबर हिंडे, त्यात भर पडत राही, आणि पुष्कळदा ते त्याच्याशिवाय दुसऱ्याला नीट उलगडतही नसे. पण संपूर्ण ग्रंथाची प्रत करायची म्हटली, की बहुधा सुटी पाने आणि बोरू. दोन्ही रूपे माहीत असणाऱ्या समाजाने कामाप्रमाणे निवड केली, असेच म्हणावे लागते.

ही निवड कशासाठी, ते पोथी वाचण्याच्या पद्धतीत दिसते. पोथी पुढ्यात पाटावर किंवा चौरंगावर ठेवायची, मोठ्याने वाचायची, वाचलेले पान उलटून बाजूला ठेवायचे. पान सपाट राहते, ते हाताने दाबून धरावे लागत नाही. नक्कल करणाऱ्यालाही हेच सोयीचे: मूळ प्रतीची पाने वाटून दोघातिघांना एकाच वेळी लिहायला बसवता येते आणि एखादे पान भिजले-फाटले तर तेवढेच नव्याने लिहून घालता येते. सुटी पाने हरवतात, हा आक्षेप रास्त आहे. पहिले आणि शेवटचे पान तर हमखास जाते, आणि शेवटच्या पानाबरोबर लेखनिकाचे नाव व शकही जातो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला याचा जाच फार. पण हा धोका लेखनिकांना कळत होता. म्हणूनच समासात पानाचा आकडा आणि ग्रंथनामाची आद्याक्षरे घालायची, पोथी रुमालात घट्ट बांधायची. सोय हवी होती, तिची किंमत अशी आटोक्यात ठेवली.

पुढे छापखाना आला तेव्हा सुटेपणाचे एक मोठे कारण संपले, कारण नक्कल उरली नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या शिळाछापांवर पोथ्या निघाल्या त्या आडव्या, सुट्या पानांच्याच. गद्याची पुस्तके त्याच काळात शिवून, बांधून विकली जात होती. गुरुचरित्रासारखा ग्रंथ मात्र सप्ताहाला बसून वाचायचा, आणि ते वाचन काही छापखान्याने बदलले नव्हते.