पहिले घर आणि कन्नड कागद

आपल्याकडे घर बघायला गेलेला माणूस आधी तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतो, मग नळाला पाणी किती दिवसांनी येते ते विचारतो, मग शेजारी कोण आहेत याची चौकशी करतो. कागद सगळ्यात शेवटी. तेही ‘वकील बघून घेतील’ म्हणून एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जातात. दिशा, पाणी आणि शेजार हे तिन्ही महत्त्वाचे आहेत, पण घेतलेले घर आपले राहणार की नाही हे त्या पिशवीतच ठरते. आणि बेळगाव-निपाणी भागात ती पिशवी कन्नडमध्ये असते.

हा प्रश्न आजच्या पिढीपुरता वेगळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. आजोबांच्या काळातली खरेदीखते, वाटणीपत्रे मराठीत सापडतात, त्याहून जुनी मोडीतही. बेळगाव शहरात आजही मिळकत ‘सीटीएस नंबर’ने ओळखली जाते, तोही त्याच काळातल्या सिटी सर्व्हेचा वारसा. पुढचे सगळे दप्तर मात्र कन्नडमध्ये गेले. म्हणजे एकाच घराची कागदपत्रे तीन लिप्यांत असू शकतात, आणि घर घेणारा पंचविशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी त्यातली एकच सराईतपणे वाचते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत ही मागणीही जुनी आणि रास्त आहे. पण विक्रेता त्या निकालासाठी थांबत नाही, आणि बँक तर नाहीच नाही. तेव्हा आज हातात येणारा कागद आज वाचता आला पाहिजे.

आणि तो वाटतो तितका परका नाही. अक्षरओळख असेल, म्हणजे शाळेत कन्नड विषय घेऊन पास झालेल्या कुणालाही, निम्मे शब्द आपलेच निघतात. क्रयपत्र म्हणजे खरेदीखत. खाते, बोजा, वारसा, साक्षी, गुंठे हे तर तसेच. चतुःसीमांना ‘चक्कुबंदी’ म्हणतात, आणि तिच्यात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण जसेच्या तसे. ‘स्वाधीन’ म्हणजे ताबा. ‘हक्कु बदलावणे’ म्हणजे फेरफार. ‘बरेदु कोडुववरु’ हे लिहून देणार आणि ‘बरेसिकोळ्ळुववरु’ हे लिहून घेणार. ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट, ‘मने’ म्हणजे घर, ‘चदर अडी’ म्हणजे चौरस फूट.

फसवणारे शब्द थोडे आहेत, पण तेच महागात पडतात. ‘साल’ दिसला की मराठी मनाला वर्ष वाटते, कन्नडमध्ये त्याचा अर्थ कर्ज. ‘अडमान’ म्हणजे गहाण. ‘जंटी’ म्हणजे संयुक्त. मालकाच्या नावापुढे हा शब्द असेल तर समोर बसलेला माणूस एकटा विकू शकत नाही. ‘पित्रार्जित’ म्हणजे वडिलोपार्जित, आणि त्याचा अर्थ आणखी सह्या लागतील. आकड्यांचेही तसेच. कन्नड एक हा खाली उघडा राहिलेला गोल असतो आणि घाईत तो शून्यासारखा दिसतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यातला सर्व्हे नंबर म्हणूनच दोनदा वाचावा. वकिलांना कागदाचा मराठीत अर्थ सांगायला लावण्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यासाठीच आपण त्यांना फी देतो.

आता सह्यांचे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मतःच आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही. आपल्या भागात याला एक खास पदर आहे. इथल्या मुली गडहिंग्लजला, चंदगडला, कागलला, कोल्हापूरला दिलेल्या असतात. विकणारा भाऊ म्हणतो, ‘बहिणींचं काही म्हणणं नाही हो.’ नसेलही. पण म्हणणे नाही हे तोंडी चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवे किंवा खरेदीखतावर त्यांची सही हवी. सहीसाठी ताईंना सीमा ओलांडून यावे लागेल, भाडे-जेवण आपल्याकडून द्यावे लागले तरी द्यावे. दहा वर्षांनी भाच्याची नोटीस येण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

प्रत्यक्ष कागदांत जागा कुठल्या हद्दीत आहे ते पहिले बघायचे. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर ई-खाते लागते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, म्हणजे शहराला चिकटून वाढलेल्या बहुतेक गावांत, तर ‘ई-स्वत्तु’ प्रणालीतले नमुना ९ आणि ११ए. इथे एका अक्षराचा फरक आहे. ११ए म्हणजे रीतसर मंजूर मिळकत. ११बी म्हणजे पंचायतीने कर वसुलीसाठी नोंद घेतली आहे, पण बिनशेती किंवा लेआउट मंजुरी नाही. शहरातल्या ‘बी खात्या’चे तसेच. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अनधिकृत वसाहतींतल्या मिळकतींना बी खाते देण्याची मोहीम काढली तेव्हा अनेकांना वाटले की प्लॉट कायदेशीर झाला. तसे नाही. कराच्या जाळ्यात आला, एवढेच. कर्ज मागायला गेल्यावर बँकेचा चेहरा बघून हा फरक लगेच कळतो.

आणि बाँड. शंभर रुपयांच्या बाँडवर गुंठा-दीड गुंठा शेतजमीन लिहून घ्यायची, वर घर बांधायचे, पुढे बघू. आपल्या भागात या पद्धतीने कित्येक संसार उभे राहिले, आणि ज्यांनी ते केले त्यांना दोष द्यावा असे वाटत नाही. परवडणारे दुसरे काही समोर नव्हते. पण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीशिवाय होतच नाही, आणि मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निक्षून सांगितले आहे. ज्याला आज पगार आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, त्याने या वाटेने जाण्याचे कारण उरलेले नाही. जाता जाता, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. तीस-चाळीसचा प्लॉट १२०० चौरस फुटांचा. ‘गुंठाभर जागा’ आणि ‘तीस-चाळीसचा प्लॉट’ हे बोलताना एकच वाटतात, मोजताना १११ फुटांचा फरक पडतो.

जमिनीवर कर्ज किंवा गहाण आहे का हे बोजा प्रमाणपत्रावरून, म्हणजे सगळे ज्याला ‘ईसी’ म्हणतात त्यावरून कळते. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना इंडेक्स टूची सवय असते, ते इथे त्याचीच चौकशी करतात. इथे ईसी मागायचा. ‘कावेरी’ संकेतस्थळावर तो १ एप्रिल २००४ पासूनचा मिळतो. त्याआधीचे व्यवहार बघायला उपनोंदणी कार्यालयातली जुनी पुस्तके काढावी लागतात. ‘ऑनलाइन क्लिअर आहे’ या वाक्याला म्हणून फार भुलू नये. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर त्यातला बराचसा भाग संकेतस्थळाच्या मागे राहतो.

आता पैसे. बेळगाव शहरात ४० लाखांचे जुने घर किंवा पुनर्विक्रीचा फ्लॅट धरू. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे २ लाख. त्या शुल्कावर १० टक्के उपकर, २० हजार. शहरात आणखी २ टक्के अधिभार, ४ हजार (ग्रामीण भागात तो ३ टक्के). नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाले, म्हणजे ८० हजार. एकूण ३ लाख ४ हजार. बिल्डरकडून पहिल्यांदा विकला जाणारा फ्लॅट असेल तर २० लाखांपर्यंत २ टक्के आणि त्यावर ४५ लाखांपर्यंत ३ टक्के अशी मुद्रांक शुल्काची सवलत आहे. त्याच ४० लाखांच्या नव्या फ्लॅटला २ लाख १४ हजार ४०० रुपये बसतात. प्लॉटला किंवा स्वतंत्र घराला ही सवलत नाही. मार्गसूची दराने किंमत जास्त निघत असेल तर शुल्क त्या किमतीवर लागते. महाराष्ट्रातला रेडी रेकनर तोच इथला मार्गसूची दर.

बायकोच्या नावावर घेतले की एक टक्का वाचतो, हे कोल्हापूरच्या मेहुण्याने सांगितलेले असते. ते महाराष्ट्रात. कर्नाटकात तशी सवलत नाही. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची मर्यादा आहे, इथे मर्यादाच नाही. तरीही घर दोघांच्या नावावर असावे, पण त्याचे कारण शुल्क नव्हे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो: ४५ लाखांपर्यंत किंमत आणि आपल्यासारख्या शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काही नाही. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरणे ही आपली, घेणाऱ्याची, जबाबदारी. बिल्डरचा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठा किंवा आठहून जास्त घरांचा असेल तर रेराची नोंदणी बघायची, आणि नोंदणीकृत साठेखताआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम द्यायची नाही. तो मागूही शकत नाही. जुन्या घराचा संचकार देतानाही रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी आणि व्यवहार मोडला तर पैसे किती दिवसांत परत, हे लिहून घ्यावे.

बँक ४० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२ लाख देईल. तेवढ्या घराला मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ती किमतीत धरत नाही. म्हणून हातात ८ लाख नव्हे, ११ लाख ४ हजार लागतात, आणि त्यावर वकील, बँकेचे शुल्क, हेस्कॉमच्या मीटरची अनामत, रंग, पंखे, गृहप्रवेशाचे जेवण. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे धरली तर हप्ता सुमारे २७,८०० रुपये, आणि वीस वर्षांत साधारण ६६ लाख ६५ हजार परत जातात. आकडा ऐकून छातीत धडधडते खरे. पण दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर तेच कर्ज तीन वर्षांहून अधिक लवकर संपते, आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक घेऊ शकत नाही. बोनस किंवा सोयाबीनचे पैसे आले की गाडीआधी हे आठवावे.

ज्यांचे घराचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आहे आणि कुटुंबात कुणाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नाही, त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्याची चौकशी करावी. ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, पाच वर्षांत मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज सवलत मिळते. ‘देशात कुठेही’ हे शब्द आपल्याला लागू पडतात. निपाणीत राहणाऱ्याचे कागलच्या बाजूला पक्के घर असेल तर तेही मोजले जाते.

एक गोष्ट कागदात सापडत नाही. जागा पावसाळ्यात बघावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, आणि बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या काठचे पाणी कुठवर येते ते वडगाव, शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारावे, दलालाला नव्हे. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट उंचावर असतात.

नोंदणीचा दिवस त्यामानाने सोपा झाला आहे. मसुदा कावेरीवर आधी चढवायचा, उपनोंदणी अधिकारी तपासतात, शुल्क भरायचे, वेळ घ्यायची. जिल्ह्यातल्या कोणत्याही उपनोंदणी कार्यालयात जाता येते, त्यामुळे निपाणीचे खरेदीखत बेळगावात नोकरी करणारा बेळगावातच करू शकतो. मसुदा चढवण्याआधी नावांचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, आडनाव आधारशी ताडून बघावे. मराठी आडनावे कन्नडमध्ये लिहिताना ‘ळ’ आणि ‘ल’, ‘च’चे दोन उच्चार यांत हमखास गडबड होते, आणि चुकलेल्या एका अक्षरासाठी पुढे चूक-दुरुस्ती पत्र करत बसावे लागते.

खरेदी झाली की खाते आपल्या नावावर होईपर्यंत काम संपत नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, पाणीपट्टी तिन्हींवर आपले नाव आले का ते बघायचे. मूळ खरेदीखत बँकेत जाईल. त्याआधी त्याची प्रत काढून घरी ठेवावी, आणि बँकेने कोणकोणते कागद घेतले त्याची यादी सही-शिक्क्यासह मागून घ्यावी. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर रोज पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासून नियम आहे. वीस वर्षांनी ती यादी शोधायची असेल, तेव्हा ती लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवलेली बरी.