डांबराला बहुवारिकांची जोड

वैशाखात विदर्भातील पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो, तेव्हा डांबरी रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्याही पुढे गेलेले असते. तापलेले डांबर मऊ पडते आणि अवजड मालमोटारींच्या चाकांखाली रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात. पुढे पावसाळ्यात पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, खडी सुटते व खड्डे पडतात. रस्त्याच्या या दुखण्यावरील एक उपाय म्हणजे डांबराला बहुवारिकांची, म्हणजेच पॉलिमरची, जोड देणे हा होय.

असंख्य लहान रेणू साखळीप्रमाणे जोडले जाऊन बहुवारिक तयार होते. स्टायरिन-ब्युटाडीन-स्टायरिन हे रबरासारखे लवचिक बहुवारिक या कामी विशेष उपयोगी ठरले आहे. गरम डांबरात ते साधारणतः ३ ते ५ टक्के मिसळले असता त्याचे जाळे डांबरभर पसरते. परिणामी डांबर उन्हाळ्यात सहसा ओघळत नाही, थंडीत ठिसूळ होत नाही आणि दाब हटताच बरेचसे पूर्ववत होते. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा मृदुकरणांक किमान ४७ अंश असावा लागतो. २००४ च्या भारतीय मानकात सुधारित डांबराच्या एका प्रतीसाठी तो किमान ६० अंश ठरविण्यात आला होता.

टाकाऊ प्लॅस्टिकचाही असाच उपयोग होतो. मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्लॅस्टिक डांबरात न मिसळता तापलेल्या खडीवर टाकतात. त्याचा पातळ लेप खडीवर बसतो व पाण्याचा शिरकाव रोखला जातो. या कार्याबद्दल त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. पीव्हीसी मात्र येथे वर्ज्य आहे. तापल्यावर त्यातून घातक वायू निघतो.

तथापि, हे मिश्रण म्हणजे जादूची कांडी नव्हे. सुधारित डांबर महाग असते. ते प्रमाणाबाहेर तापविल्यास बहुवारिकाचे गुण नष्ट होतात आणि न ढवळता साठविल्यास ते डांबरापासून वेगळे होऊ शकते. शिवाय, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर पाया कच्चा राहिला किंवा कडेचे गटार तुंबले, तर उत्तम डांबरही टिकत नाही. म्हणून डांबरावर खर्च करण्यापूर्वी पाया आणि पाण्याचा निचरा यांकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. तसे झाले, तरच या नव्या तंत्रावरील खर्च सार्थकी लागेल.