हवेत धुतलेले हात

आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट चढवलेली सिस्टर प्रशिक्षणाच्या हॉलच्या मधोमध उभी राहून हवेत काहीतरी चाचपत असते. तिच्यापुढे असतो वॉर्ड, आमच्यापुढे भिंतीवरचा पडदा. एका रुग्णाची सलाइन बघायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं, एवढंच काम. ती कठडा धरते, पंपाचं बटण दाबते, पडदा सरकवते आणि दुसऱ्या रुग्णाचं मनगट हातात घेते. मग तोच प्रसंग पुन्हा दाखवतात. आता कठडा, बटण, पडदा, मनगट सगळीकडे हिरवे डाग.

"मॅडम, पहिल्या पेशंटला मी हातच लावला नव्हता."

"त्याच्या खाटेला लावलास ना?"

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग इथे सगळ्यांना पाठ आहेत. त्यातला पाचवा नेमका हाच: रुग्णाभोवतीच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा. पाठ असलेलं कामाच्या गडबडीत निसटतं. जंतू दिसत नाहीत हीच मूळ अडचण. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिकक्षात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मृत्यू घटले, तरी अनेक सहकाऱ्यांना ते पटलं नाही. असा हिरवा रंग त्याच्या हाती असायला हवा होता.

पीपीई उतरवताना मात्र हेडसेट तोकडा पडतो. आधी हातमोजे, मग चष्मा, गाऊन आणि खोलीबाहेर आल्यावर मास्क, हा एक मान्य क्रम तो चोख घोटून घेतो. पण तिथे कळ दाबली की मोजा निघतो! खरा मोजा मनगटाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलावा लागतो. दुसऱ्याच्या आत उघडं बोट सरकवायचं, बाहेरची बाजू कातडीला लागू द्यायची नाही. घामेजल्या हाताने हे करून बघा. म्हणून इथे नंतर खऱ्या मोज्यांवर चमकणारी पूड लावतात आणि दिवे मालवून अतिनील दिवा धरतात. मघाशी क्रम न चुकलेल्यांच्याही मनगटांवर ठिपके उजळतात. माझ्या मते खरी परीक्षा ही.

हेडसेट या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जातो, त्यामुळे दर वेळी पुसून, गादीवरचं आवरण बदलूनच पुढे दिला जातो. तेही शिक्षणच.

हे यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. पण खरेदीच्या कागदावर सही करण्याआधी व्यवस्थापनाने एकदा वॉर्डात फिरून यावं: प्रत्येक खाटेशी हँडरबची भरलेली बाटली आहे का, बेसिनला पाणी येतं का, हे आधी बघावं.