विश्लेषण : ‘बुटीक हॉटेल’मध्ये आपण पैसे नेमके कशाचे मोजतो?

शहर पाहायला गेलेला माणूस हॉटेलात फक्त पाठ टेकायला येतो, हे गणित आता बदलले आहे. खिडकीशी झोपाळा, पलंगामागे भिंतभर चित्र, लॉबीत फूसबॉलचे टेबल. मोबाइलवर असा फोटो दिसला की बोट थांबते आणि तेवढ्याच भाड्यातली साधी, ऐसपैस खोली मागे पडते. हा सौदा परवडतो का?

‘बुटीक’ हा दर्जा कोण देते?

कोणीही नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना एक ते पाच तारे देते, जुन्या वास्तूंसाठी हेरिटेज हा वेगळा वर्ग आहे. त्यात ‘बुटीक’ नावाचा तारा नाही. त्यामुळे पाटीवर हा शब्द लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग हे आले कुठून?

न्यूयॉर्कमधून. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल हे ‘स्टुडिओ ५४’ या गाजलेल्या नाइट क्लबचे मालक. करचुकवेगिरीसाठी तुरुंगवास भोगून आल्यावर त्यांनी १९८४ मध्ये मॅडिसन अॅव्हेन्यूवर ‘मॉर्गन्स’ हॉटेल सुरू केले. मोठी हॉटेले म्हणजे सगळे काही विकणारे डिपार्टमेंट स्टोअर आणि आमचे म्हणजे निवडक माल ठेवणारे बुटीक, अशी तुलना रुबेल करत. पैसा बेताचाच होता. फ्रेंच डिझायनर आंद्रे पुतमाँ यांनी न्हाणीघरात स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या फरशा बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या आणि काटकसरीची तीच फरशी हॉटेलची ओळख ठरली.

या धंद्याची खरी मेख कळते ती १९९० मध्ये त्याच शहरात नव्या रूपात उघडलेल्या ‘पॅरामाउंट’मध्ये. खोल्या अगदीच लहान होत्या. डिझायनर फिलिप स्टार्क यांनी पलंगाच्या डोक्याशी व्हर्मीरच्या ‘लेसमेकर’ या चित्राची भलीमोठी प्रतिकृती लावली आणि नाट्यमय लॉबी हे माणसांनी जमायचे ठिकाण केले. खोलीत शिरणाऱ्याची नजर आधी चित्राकडे जाणार, भिंतींमधल्या अंतराकडे नंतर! ही फसवणूक नव्हे. पण जागेची उणीव कल्पकतेने झाकली जाते, हे पाहुण्याला ठाऊक असलेले बरे.

गंमत कधी वसूल होते?

ती त्या शहराशी जोडलेली असेल तेव्हा. बर्लिनमधील ‘ट्वेंटीफाइव्ह अवर्स बिकिनी’ हॉटेल प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. त्याच्या ‘जंगल’ खोल्यांतून थेट प्राणिसंग्रहालय दिसते. ‘अर्बन’ खोल्यांची तोंडे शहराकडे. हॉटेल एकच, मुक्काम मात्र निराळा. म्हणून बुकिंग करताना खोलीचा प्रकार नीट वाचावा.

उलट उदाहरण जपानचे. ते बुटीक नव्हे, पण गमतीवरच उभे राहिलेले. नागासाकी प्रांतातील ‘हेन ना’ हॉटेलात २०१५ पासून रोबो कर्मचारी होते. खोलीतली बोलकी बाहुली घोरण्याला प्रश्न समजून पाहुण्याला मध्यरात्री उठवत असे. २०१९ पर्यंत निम्म्याहून अधिक रोबो काढून टाकावे लागले.

बुकिंगआधी काय पाहावे?

फोटोवर जाऊ नका, खोलीचे क्षेत्रफळ पाहा. फोटो बहुधा वाइड अँगलने काढलेले असतात. खिडकी आहे का आणि ती कुठे उघडते, तेही विचारा. कुलाब्यातल्या किंवा पणजीच्या फोंतेन्हासमधल्या जुन्या इमारतीत उतरणार असाल आणि सोबत ज्येष्ठ असतील, तर लिफ्टची चौकशी आधी. आणखी एक, जरा नाजूक मुद्दा : अशा अनेक हॉटेलांत न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये नुसती काच असते. नवविवाहितांना ठीक, सासूबाई बरोबर असतील तर पडदा आहे ना, हे फोन करून विचारलेले बरे.

जीएसटीचेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के कर आहे. ७,४०० रुपयांच्या खोलीचे बिल ७,७७० होते, तर ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. भाड्यात फरक २०० रुपयांचा, बिलात १,१९८ चा. तेवढ्यात शहरात एक चांगले जेवण होते.