इंग्रजी स्पेलिंगचा घोळ



आपल्या वस्तीतील कितीतरी मुले गणितात हुशार असतात. पण इंग्रजीच्या पेपरापुढे हात टेकतात. 'इंग्रजी आपल्या डोक्यात शिरतच नाही' असे म्हणून काहीजण शिक्षणच सोडतात. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की दोष त्यांच्या डोक्याचा नाही. घोळ स्पेलिंगमध्येच आहे.

मराठीत आपण बरेचसे बोलतो तसेच लिहितो. तरी 'दिन' आणि 'दीन' लिहिताना आपणही अडखळतोच. इंग्रजीत हे पावलोपावली घडते. 'राइट' हा एकच उच्चार घ्या. आर-आय-जी-एच-टी लिहिले तर बरोबर, उजवा किंवा हक्क. डब्ल्यू-आर-आय-टी-ई म्हणजे लिहिणे. त्यातील डब्ल्यू गाळला की धार्मिक विधी! उलट ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे 'दो', 'थ्रू', 'कॉफ' आणि 'रफ' या चारही शब्दांत आहेत, पण उच्चार मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा.

असे का झाले? इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि लिखाणावर फ्रेंच वळण आले. १४७६ मध्ये कॅक्स्टनने तेथे छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरत गेले. पण त्याच काळात लोकांचे उच्चार बदलत होते. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दातील 'के' पूर्वी खरोखर उच्चारला जाई. उच्चार गेला, अक्षर राहिले. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दात 'बी' पंडितांनी लॅटिनशी नाते दाखविण्यासाठी घुसविला. 'आयलंड'मधील 'एस' तर निव्वळ गैरसमजुतीने आला. पुढे १७५५ च्या जॉन्सनच्या शब्दकोशाने यातील बरेचसे पक्के केले.

म्हणजे इंग्रजांच्या मुलांनाही स्पेलिंग पाठच करावे लागते. मग आपण का लाजावे?

मात्र निष्काळजीपणा नको. कॉलेजच्या 'प्रिन्सिपल'ना अर्ज लिहिताना शेवटी ए-एल हवे; एल-ई लिहिले तर तो अर्ज 'तत्त्वा'ला जातो! म्हणून सारख्या उच्चाराच्या शब्दांची जोडी वहीत लिहावी, प्रत्येकाचे एक वाक्य करावे आणि रोज पाचच शब्द, पण न चुकता, डोळ्यांखालून घालावेत.

बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकले व त्याच इंग्रजीत त्यांनी आपल्या हक्कांची बाजू जगापुढे मांडली. त्यांच्या संदेशातील पहिला शब्दच 'शिका' हा आहे. स्पेलिंगच्या भीतीने तो अर्धवट सोडू नये, हीच आमची विनंती.